कल्हईच्या पातेल्यातली आमटी आणि लेकीची उंची

लेक चार वर्षांची. वर्षभर तोच फ्रॉक बसतोय. आमटी रोज पितळी पातेल्यात; नाशिकच्या भद्रकालीत दारावर आलेल्याकडून केलेली कल्हई महिन्यात काळवंडली, बोट फिरवलं की राखाडी डाग. यात शिसं असेल का, त्याने उंची खुंटली असेल का?

— ताई, असू शकतं. कल्हई शुद्ध कथलाची हवी, स्वस्तात शिसं मिसळतात. चिंच-टोमॅटोने ते अन्नात उतरतं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या ४-५ पट शोषतात. लोह कमी असेल तर आणखी.

— डागावरून कळत नाही, रक्तातलं शिसं तपासा. अमेरिकेत २०२१पासून डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर गेलं की लक्ष घालतात. उंचीसाठी थायरॉइडही बघून घ्या, सगळं पातेल्यावर ढकलू नका.

— सोमवारी तपासणी. पातेलं माळ्यावर टाकलंय, सासूबाई रुसल्यात. लग्नातलं होतं त्यांच्या.