वर्तुळाकार डोंगरवाट कोणत्या बाजूने चढावी?

प्रश्न: जंगलातील दोन ओढे ओलांडून माथ्यावर पोहोचणारी आणि दुसऱ्या धारेने उतरणारी १२ किलोमीटरची वाट आम्ही चालणार आहोत, एकूण चढ ९०० मीटर आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर: तीव्र बाजूने चढावे, कारण सौम्य उतारावर गुडघ्यांना ताण कमी पडतो. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांच्या १८९२ च्या नियमानुसार ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला आणखी एक तास धरल्यास, विश्रांती वगळून, सुमारे चार तास लागतील.

उत्तर: मी मात्र आधी ओढ्यांचा विचार करेन. पावसाने पाणी झपाट्याने वाढते, म्हणून ते सकाळीच ओलांडावेत, त्या वेळी पाठपिशवीचा कमरपट्टा सोडावा आणि गुडघ्याच्या वर वेगवान पाणी असल्यास कृपया परत फिरावे.

प्रश्नकर्ता: ओढे तीव्र बाजूलाच आहेत, त्यामुळे पहाटे तेथूनच निघू.