ईयोबातलं 'मृगशीर्ष' आणि त्याचे बंध

प्रश्न : बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात (38:31) देव ईयोबाला विचारतो, मृगशीर्षाचे बंध तुला सोडता येतील का? हरणाच्या डोक्याला बंध कुठले? मूळ शब्द काय आहे?

उत्तर : हिब्रूत 'केसील'. बायबलातल्याच नीतिसूत्रांत हाच शब्द मूर्खासाठी येतो, म्हणून आभाळात जखडून ठेवलेला कोणी उन्मत्त दांडगा, असा अर्थ बरेच जण लावतात. ग्रीक भाषांतरात त्याचा 'ओरायन' झाला आणि ओरायन म्हणजे आपलं मृग, असं करत मराठीत मृगशीर्ष आलं. खरं तर मृगशीर्ष म्हणजे डोक्याकडचे तीन मंद तारे तेवढे. नुसतं 'मृग' जास्त शोभलं असतं.

बंध म्हणजे मधले ओळीतले तीन तारे असावेत. त्यांतल्या एकाचं अरबी नाव मिंटाका, म्हणजे कमरपट्टाच. गंमत अशी, की आपण त्याच तिघांना व्याधाचा बाण म्हणतो. मराठीत बंधही सोडतात आणि बाणही सोडतात! पण आपल्या आभाळातला बाण केव्हाच सुटून हरणाच्या पोटात रुतलाय, तो आता कोण सोडणार? देवाचा प्रश्न मराठी वाचकाला अडखळवतो तो इथे.

प्रश्न : आणि त्याच ओळीतल्या कृत्तिका?

उत्तर : ते चपखल आहे. मूळ शब्द 'कीमा', अर्थ बहुधा ढीग, पुंजका. बायबलातल्याच आमोसाच्या पुस्तकात (5:8) देखील केसील-कीमा जोडीनंच येतात.

आणखी एक उत्तर : ईयोब 38:32 मधला 'मझ्झारोथ' (बहुधा राशी) बायबलात एकदाच येतो. 2 राजे 23:5 मधल्या 'मझ्झालोथ'चंच हे दुसरं रूप मानतात. तिथे योशीया राजा सूर्य, चंद्र आणि या मझ्झालोथना धूप जाळणाऱ्या पुजाऱ्यांना हटवतो. पुढे 'मझाल' म्हणजे रास आणि राशीवरून नशीब. ज्यू लोक अभिनंदन करताना 'मझल तोव' म्हणतात, त्यातला मझल तोच. आपण 'ग्रह चांगले आहेत' म्हणतो, तसंच.

प्रश्न : त्याच ओळीत सप्तर्षी आणि त्यांचे पुत्र आहेत. ऋषींचे पुत्र कोणते तारे?

उत्तर : मूळ शब्द 'अयिश', आणि ती बाई आहे, लेकरांसकट! कोणी तिला रोहिणीकडे नेतात; 1611 च्या किंग जेम्स आवृत्तीत तर तिथे स्वाती आहे. सप्तर्षी मानणारे अरबीतल्या 'बनात नाश'कडे बोट दाखवतात : चार तारे म्हणजे तिरडी, मागचे तीन म्हणजे तिच्यामागून चालणाऱ्या लेकी. आमची आजी सप्तर्षींना 'बाजलं' म्हणायची, मागचे तिघे ते पळवणारे चोर. तिला ही ओळ वाचून दाखवली असती, तर तिनं पुत्र कोण ते विचारलंच नसतं.