मदत हवी आहे: हे बदक गार्गेनी की कॉमन टील?

उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या गोड्या तळ्यात, पाणकणसाच्या कडेला तपकिरी ठिपक्यांचं छोटं बदक दिसलं. चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका, डोळ्यातून ठळक काळी पट्टी, म्हणजे गार्गेनीची मादी वाटते. पण शेपटीच्या बाजूला पांढुरकी रेघही आहे, आणि ती तर टीलची खूण! पक्षी उडालाच नाही, त्यामुळे पंखावरचा पट्टा बघता आला नाही. सोबत नरही नव्हता. अधिवासावरून निकाल लागत नाही, दोन्ही अशाच पाण्यात चरतात. फोटो लांबचे, चोचीचा रंग धड कळत नाही. फील्ड गाइड चाळून झालं (त्यात नर झोकात, माद्या कोपऱ्यात). पंख मिटलेले असताना जास्त भरवशाची खूण कोणती धरायची, चेहऱ्यावरची की शेपटीजवळची?