‘गॉटन’ अशुद्ध नाही

इंग्रजीतल्या ‘गेट’ (get) या क्रियापदाचा अर्थ संदर्भावरूनच लावावा लागतो, हे पटतं. पण त्याचं ‘गॉटन’ (gotten) हे रूप म्हणजे अशुद्ध इंग्रजी, असं काही जण म्हणतात, ते अजिबात खरं नाही. अमेरिकेत ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, तर ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी घेतली. ब्रिटिश इंग्रजीत दोन्हीकडे ‘गॉट’च. आणि ‘गॉटन’ हे रूप अमेरिकनांनी काढलेलं नाही. १७व्या शतकात इंग्लंडात ते सर्रास होतं, नंतर तिथे मागे पडलं. ‘फरगॉटन’मध्ये अजून टिकून आहेच की!

हिंजवडीत आमच्या टीममधली मुलं अमेरिकन क्लायंटला ‘वी हॅव गॉटन द अप्रूव्हल’ लिहितात. त्यावर लाल रेघ मारणाऱ्या सीनिअर मंडळींनी कृपया थांबावं, मुलांचं बरोबर आहे.