मदत हवी आहे : आर्लच्या ख्रिस्ती परिषदेच्या तिसऱ्या नियमातली ‘शांतता’ कोणती?

इ.स. 295, तेबेस्सा (आजचा अल्जीरिया). रोमन सैन्यात भरतीसाठी 21 वर्षांच्या ख्रिस्ती मॅक्सिमिलियनची उंची मोजली, 5 फूट 10 इंच भरली. पण गळ्यात शिपायाची ओळख असलेली शिशाची मुद्रा घालून घ्यायला त्याने नकार दिला आणि शिर गमावलं. त्याच खटल्यात प्रोकॉन्सल (रोमन प्रांताधिकारी) डिऑन सांगतो, की सम्राटांच्या पदरी ख्रिस्ती शिपाई आहेतच. म्हणजे शिपाईगिरीबद्दल ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) तेव्हाही एकवाक्यता नव्हती.

पुढे 314 ची आर्लची (आजचा फ्रान्स) बिशपांची परिषद तिसऱ्या नियमाने ‘शांततेत’ शस्त्र टाकणाऱ्यांना प्रभुभोजनापासून (भाकर-द्राक्षारसाच्या ख्रिस्ती विधीपासून) दूर ठेवते. इथे अडतंय. युद्ध नसताना, की ख्रिस्ती लोकांचा छळ थांबल्यावर? पहिला अर्थ घेतला तर रणांगणात नकार द्यायला वाट उरते. दुसऱ्याने तीही बंद. मला पहिला पटतो, पण ‘इन पाके’ (शांततेत) एवढ्याच लॅटिन शब्दांवरून निवाडा होईल का? जाणकारांनी कृपया सांगावं, नेमका मराठी प्रतिशब्दही सुचवावा.