लॅपटॉपवर वाजणारी घुमट आरती रेकॉर्ड करते, पण घुमटच येत नाही

खांडोळ्याची वहिनी

नमस्कार. आमच्या वाड्यावरच्या बायकांचे घुमट आरतीचे पथक आहे. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याला कातडे लावलेले आमचे गोव्याचे वाद्य. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की दिवेलागणीनंतर आमच्याच पडवीत सराव चालतो. हल्ली गावोगावच्या आरती स्पर्धा चॅनलवाले इंटरनेटवर थेट दाखवतात. ऐकून शिकण्यासारखे त्यात फार असते. कडवे संपले की शामेळवाला (शामेळ हे काठ्यांनी वाजवायचे वाद्य) कुठे जागा भरतो, लय चढवताना घुमटवाले एकमेकांना कसे धरून राहतात, हे सारे परत परत ऐकायला हवे. पण काही दिवसांनी तो व्हिडिओ काढून टाकलेला असतो. म्हणून चालू असतानाच आवाज साठवायचा आहे. चित्राची गरज नाही.

लॅपटॉप विंडोज ११ चा. त्यातल्याच साऊंड रेकॉर्डरने घेते. कासाळे (मोठी झांज) कडकडीत येते, गाणे बरे येते, आमच्या कुकरची शिट्टीसुद्धा येते. घुमट मात्र पत्र्याच्या डब्यावर बोटे वाजवल्यासारखे. काहीजण म्हणतात मोबाइल स्पीकरजवळ धर. त्याने काही फरक पडेल का? वेगळा माइक घ्यावा लागेल का? आमच्या मुलींना घुमटाचा घुमा ऐकवायचा आहे, तोच नसेल तर बाकीचे घेऊन काय करू?

म्हापशाचा साऊंडवाला

वहिनी, माइक बदलू नका, पैसे वाया जातील. मोबाइलनेही होणार नाही. कारण घुमटाचा तो घुमा तुमच्या लॅपटॉपच्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. एवढ्याशा स्पीकरला साधारण २०० हर्ट्झच्या खालचे फारसे पेलत नाही, आणि मडक्यातल्या हवेचा जो भरदार नाद असतो तो बराचसा तिथेच खाली असतो. जे खोलीत आलेच नाही ते कुठलाही माइक कसे पकडणार? त्यात लॅपटॉपचा माइक बोलण्यासाठी केलेला. माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकीचा गोंगाट समजून दाबायचा, असे त्याचे काम चालते. वाद्यांचे त्यात हाल होतात.

आवाज आतूनच घ्यायचा. स्पीकरकडे जाणारा आवाज संगणकाच्या आत आकड्यांच्या रूपात असतो, तिथेच त्याची प्रत काढता येते. ऑडॅसिटी नावाचा फुकट प्रोग्राम घ्या, तो त्यांच्याच संकेतस्थळावरून उतरवा. उघडला की वर ‘ऑडिओ सेटअप’ दिसेल. त्यात ‘होस्ट’मध्ये ‘विंडोज वासापी’ निवडा. एमएमई किंवा डायरेक्टसाऊंड ठेवलेत तर पुढची गोष्ट दिसणारच नाही. मग ‘रेकॉर्डिंग डिव्हाइस’मध्ये तुमच्या स्पीकरच्या नावापुढे ‘लूपबॅक’ लिहिलेले सापडेल, ते घ्या, आणि चॅनल दोन म्हणजे स्टिरिओ ठेवा. लाल बटण दाबले की कुकर कितीही ओरडला तरी फाइलमध्ये येणार नाही.

काही जण ‘स्टिरिओ मिक्स’ चालू करायला सांगतील. तेही चालते, पण साऊंड कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये ते असावे लागते आणि असले तरी बहुतेक वेळा बंद करून ठेवलेले असते. साऊंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रेकॉर्डिंग’ टॅबमधल्या मोकळ्या जागेत उजवी क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हाइसेस’ केल्यावर दिसते. तुम्हाला लूपबॅक मिळत असेल तर त्याच्या मागे लागू नका.

ऐकताना चांगला वायरवाला हेडफोन लावा, तेव्हाच घुमट आले की नाही ते कळेल. हेडफोन यूएसबीचा किंवा ब्लूटूथचा असेल तर त्याच नावाचा लूपबॅक निवडायचा. ज्या डिव्हाइसवर वाजतेय त्याचाच लूपबॅक, एवढे धरून चाला.

फर्मागुडी हॉस्टेल

लिनक्सवाल्यांसाठी: पल्सऑडिओमध्ये प्रत्येक आउटपुटचा एक ‘मॉनिटर’ असतो. रेकॉर्डिंग सुरू करून पाव्हूकंट्रोल नावाच्या प्रोग्रामच्या ‘रेकॉर्डिंग’ टॅबमध्ये तो निवडला की झाले. मॅकवर ब्लॅकहोलसारखा आभासी ड्रायव्हर लागतो. तो घातल्यावर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये मल्टी-आउटपुट डिव्हाइस करा, म्हणजे रेकॉर्ड होताना ऐकूही येईल. आणि ताई, विंडोजवर रेकॉर्डिंगआधी नोटिफिकेशन बंद ठेवा. लूपबॅक संगणकाचा प्रत्येक आवाज घेतो, ईमेलची टिंगसुद्धा.

पेडण्याचा नाटकवाला

मी कितीतरी वर्षे दशावताराला आणि जत्रेच्या नाटकांना माइक लावतो आहे, म्हणून एक सांगतो. इंटरनेटवर येणारा आवाज आधीच दाबून आलेला असतो. त्यापेक्षा स्पर्धेच्या मंडळाला विचारा. मंडपात मिक्सर असतो, आमच्यासारखा कोणीतरी त्यावर बसलेला असतो, आणि बऱ्याच मिक्सरवर पेनड्राइव्हवर घ्यायची सोय असते. आदल्या दिवशी सांगितले तर कोण नाही म्हणणार? पण मिक्सरवर फक्त माइकपुढचेच येते. घुमटाला माइक लावला नसेल तर तिथेही ते कमीच मिळेल, म्हणून तेही आधीच विचारून घ्या.

आणि थेट प्रसारणातून घेतलेले तुमच्या पडवीतच ठेवा. दुसऱ्या पथकाची मेहनत आपल्या नावाने परत इंटरनेटवर चढवलेली मी पाहिली आहे, फार वाईट वाटते. ज्यांचे वादन तुम्ही शिकता त्यांना एकदा फोन करून सांगा. घुमटवाला माणूस उलट खूश होईल. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य केले, पण घोरपडीचे कातडे कायद्याने बंद झाल्यापासून बकऱ्याच्या कातड्यावर तसा नाद काढायला वादक किती खपतात ते आम्ही जवळून बघतो.

खांडोळ्याची वहिनी

देव बरें करूं सगळ्यांचे! लूपबॅक सापडला. घरच्यांना हेडफोन दिला तर तेही म्हणाले, आता घुमट पोटात लागते. आणखी दोन गोष्टी विचारते. मध्ये इंटरनेट अडकले तेव्हा रेकॉर्डिंगचा वेळही थांबला, हे असेच असते का? आणि फाइल खूप मोठी झाली आहे, एमपीथ्री करून ठेवू का?

काका, मंडळाला विचारणार आहे. आमच्या माहेरच्या बाजूचेच पथक आहे.

म्हापशाचा साऊंडवाला

हो, असेच असते. काहीच वाजत नसेल तेव्हा लूपबॅकला द्यायला काही नसते, म्हणून तो थांबून राहतो. फाइलमध्ये त्या जागी मधला तुकडा गळून थेट पुढचा जोडला जातो. अशा ठिकाणी लेबल टाकून ठेवा, नाहीतर मुली तुटलेला ठेका खरा समजून बसवतील.

साइजचे म्हणाल तर ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला सुमारे ६३५ एमबी होते. ऑडॅसिटीचा स्वतःचा प्रोजेक्ट ३२ बिटमध्ये असतो, म्हणून तो त्याच्या दुप्पट दिसतो. काम झाल्यावर फ्लॅकमध्ये एक्स्पोर्ट करा. त्यात काही गळत नाही आणि जागा बरीच वाचते. प्रसारणात आवाज एकदा दाबला गेलाच आहे, मूळ प्रत एमपीथ्री करून तो पुन्हा कशाला दाबायचा? मोबाइलवर वाटायला वेगळी एमपीथ्री काढा.

सरावासाठी ‘चेंज टेम्पो’ वापरा. लय उतरते, स्वर तोच राहतो. मूळ लय फार तर २० टक्क्यांनी उतरवा, त्याहून जास्त हळू केलेत की थापेची धार जाते आणि शामेळच्या काठ्या एकमेकीत मिसळतात. तसे झाले तर हळू न करता तेवढाच तुकडा निवडून लूपवर फिरत ठेवा.