बंदूक कंपन्यांवर दिवाणी दावे: राज्यांचे नवे कायदे पटतात का?

एडिसनकर: २००५ च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेतल्या बंदूक उद्योगाला दाव्यांपासून कवच दिलं. त्यात एक फट आहे: विक्री किंवा जाहिरातीचा कायदा जाणूनबुजून मोडला आणि त्यातून नुकसान झालं, तर कवच नाही. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये नेमका त्या फटीत बसणारा कायदा केला, २०२२ मध्ये आमच्या न्यू जर्सीनेही. चुकीच्या हाती माल जाऊ नये म्हणून वाजवी काळजी घेतली नाही, तर दावा. उत्तम केलं.

खवचट_काका: दुकानदाराने नियमाप्रमाणे तपासणी केली, गिऱ्हाईक पास झालं, पुढे त्याने गोळ्या झाडल्या. बिल कोणाच्या नावाने फाडणार? ज्याचा खिसा भरलेला त्याच्या! सुरीवाल्याला कधी कोर्टात खेचलंत?

एडिसनकर: काका, त्या दुकानदाराला कोण धरतंय? एक जण पिस्तुलं निवडतो, फॉर्मवर सही मैत्रिणीची, आणि काउंटरवरचा बघून न बघितल्यासारखं करतो. प्रश्न त्याचा आहे.

मीरा_हार्टफर्ड: सँडी हूक शाळेतल्या गोळीबारात २०१२ साली २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयात २०१९ मध्ये पालकांचा रायफल कंपनीवरचा दावा टिकला तो ग्राहक कायद्यातल्या जाहिरातीच्या मुद्द्यावर. रायफलचा फोटो आणि खाली 'तुमचं मॅन कार्ड (मर्दपणाचा दाखला) परत मिळालं' अशा थाटाची ओळ! २०२२ मध्ये ७.३ कोटी डॉलरवर तडजोड झाली. रायफल बनवणाऱ्या रेमिंग्टनचं दिवाळं निघालेलं, पैसे विमा कंपन्यांनी भरले.

खवचट_काका: म्हणजे जुन्या ग्राहक कायद्यावर भागलं. मग नवा कशाला?

एडिसनकर: कारण न्यूयॉर्क शहराचा बंदूक कंपन्यांवरचा दावा २००८ मध्ये फेडरल अपील कोर्टाने उडवला. सार्वजनिक उपद्रवाचा सर्वसाधारण कायदा त्या फटीत बसत नाही म्हणे. म्हणून न्यूयॉर्कने नवा कायदा बंदुकांचं नाव घेऊन लिहिला. जुलै २०२५ मध्ये त्याच कोर्टाने तो टिकवला.

खवचट_काका: आणि जून २०२५ मध्ये मेक्सिकोचा अमेरिकी बंदूक कंपन्यांवरचा दावा सुप्रीम कोर्टाने एकमताने फेटाळला, तोही न्यायमूर्ती कागनबाईंच्या लेखणीने. त्या काही बंदूकवाल्यांच्या गोटातल्या नव्हेत.

मीरा_हार्टफर्ड: तिथे राज्याच्या अशा कायद्याचा प्रश्नच नव्हता. कोलोराडोचं बघा. ऑरोराच्या थिएटरातल्या गोळीबारात मुलगी गेली, आईवडिलांनी ऑनलाइन काडतुसं विकणाऱ्यांवर दावा लावला. हरले, वर समोरच्यांच्या वकिलांची दोन लाख डॉलरहून जास्त फी त्यांच्याच बोकांडी! हरणाऱ्याकडून फी वसूल करायची राज्याची ती तरतूद २०२३ मध्ये गेली.

खवचट_काका: ती गेली ते बरंच झालं. पण न्यूयॉर्कच्या कायद्यात इतरांना इजा करण्याचा धोका असलेल्यालाही विकू नका, असंही आहे. तो काउंटरवरून ओळखायचा कसा, सांगा पाहू.